तांब्याच्या हंड्यामुळे झालं का?

माझ्या मुलाला विल्सनचा आजार आहे, यकृतात तांबं साठत जातं. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. लग्नाच्या पंगतीत, पालकसभेत, परवा तर भाजीवालीनेही विचारलं, "तांब्याच्या भांड्यातलं पाणी पिऊन झालं का हो पोराला?"

नाही.

प्रश्न येतो कुठून ते मला कळतं. आम्ही जुन्या नाशकातले. तांबट लेन चार पावलांवर, भांडी मठारण्याची ठकठक सून होऊन आले तेव्हापासून कानात आहे. सासूबाई रात्री हंडा भरायच्या, सकाळी प्रत्येकाला पेलाभर पाणी. नातवाच्या यकृतात तांबं साठलंय हे कळलं, तेव्हा त्या हंड्याकडे नुसत्या बघत राहिल्या.

तांबं सगळ्यांच्याच पोटात जातं, डाळीतून, तिळातून, दाण्यातून. लागेल तेवढं ठेवून यकृत उरलेलं पित्तावाटे बाहेर टाकतं. विल्सनच्या आजारात या कामाचं जनुकच बिघडलेलं असतं. आईकडून एक आणि बापाकडून एक, अशा दोन्ही बिघडलेल्या प्रती आल्या तरच आजार होतो. आमच्याकडे एकेकच, म्हणून आम्ही ठणठणीत. दोष द्यायचाच तर आम्हा दोघांना द्या, हंड्याला नको.

आधी वर्षभर आम्ही कावीळच धरून चाललो. यायची, जायची, पुन्हा यायची. उतरवून आणली, उसाचा रस पाजला. शेवटी एका डॉक्टरीणबाईंनी रक्तातलं सेरुलोप्लाझमिन (तांबं वाहून नेणारं प्रथिन) आणि २४ तासांच्या लघवीतलं तांबं तपासायला लावलं. नऊ वर्षांचं पोर दिवसभर तो कॅन घेऊन घरात, मित्र दाराशी आले की लपवायचा. या आजारात डोळ्यांत तांब्याचं कडं दिसतं, ते त्याच्या डोळ्यांत दिसलं नाही. आजार यकृतापुरता असला तर लहान मुलांत ते पुष्कळदा नसतंच.

मग धाकटीची तपासणी. सख्ख्या भावंडाला चारात एक शक्यता. तिलाही निघाला, एकही लक्षण नसताना. त्या दिवशी मी रडले, पण वेळेत सापडली.

त्याला पेनिसिलामिन, रिकाम्या पोटी, सोबत बी-६ जीवनसत्त्व. ते तांबं लघवीवाटे काढतं. तिला झिंक, ते आतड्यातून तांबं आत शिरू देत नाही. दोन्ही जन्मभर. रिपोर्ट बरे आले की कुणीतरी म्हणतंच, "आता बंद करा की." तिथे मात्र मी चिडते. औषध मध्येच सोडलं तर यकृत एकाएकी हात टेकू शकतं.

पथ्यात चॉकलेट, काजू, मश्रूम, कलेजी नाही. जड जातो तो संक्रांतीचा तिळगूळ. चिवड्यातले दाणे तो आपणहून वेचून बाबांच्या ताटलीत टाकतो.

सासूबाई हंडा मोडीत घालायला निघाल्या होत्या. मी अडवलं. पिण्याचं पाणी आता स्टीलच्या पिंपात, आणि हंडा दाराशी, छत्र्या ठेवायला. देवघरातलं ताम्हन आणि पळी आहेत तशाच. फक्त मुलांना तीर्थ द्यायला त्यांनी वेगळी चांदीची वाटी काढली आहे.