ससा अपडेट: जाळीतून नाही, गेटखालून!

मंडळी, मागच्या वेळी छाती ठोकून लिहिलं होतं की सशाला अडवायची जाळी शेताभोवती पूर्ण झाली, आता हरभरा वाचला. सोमवारी गिरणारे गावातल्या प्लॉटवर गेलो तर शेवग्याची 9 रोपं साफ. एक बुडखा हातात घेऊन बघितला, वीतभर उंचीवर तिरका, सिकेटरने छाटावा तसा स्वच्छ काप. शेळी असती तर ओरबाडून साल लोंबत ठेवली असती. बाजूला गोल कोरड्या लेंड्या. म्हणजे ससाच.

आला कुठून पण? जाळी 1 इंची, अडीच फूट उंच, आणि डिसेंबरचे दोन रविवार घालवून मी आणि मेव्हण्याने फूटभर चर खणून ती खाली गाडलीये. तीन फेऱ्या मारल्या, ना कुठे भोक ना उकरलेली माती. डोकं भणभणलं अक्षरशः. शेवटी मित्राचा ट्रॅप कॅमेरा (समोर काही हललं की आपोआप टिपणारा) आणला, पहिल्या दोन रात्री फक्त मांजर आणि टिटव्या, तिसऱ्या रात्री 2:40 ला साहेब आले, कान पाठीला चिकटवले, पोट जमिनीला लावलं आणि गेटखालच्या चार इंचाच्या फटीतून आत! सकाळी गेटच्या खालच्या पट्टीला भुरे केस अडकलेले मिळाले, ते बघून जो आनंद झाला ना, सांगता येत नाही.

शेजारच्या नानांना दाखवलं तर म्हणाले, "अरे चर कशाला खणला, आपला ससा कुठं बिळात राहतो, तो गवतात दबून बसणारा." खरंय. मी बघितलेले सगळे व्हिडिओ तिकडच्या बिळं करणाऱ्या रॅबिटचे, मराठीत दोघांनाही ससाच म्हणतो आपण, तिथेच घोळ झाला. आपला रानससा म्हणजे हेअर (hare), मानेमागे काळा डागवाला, त्याची पिल्लं केसांसकट उघड्या डोळ्यांनी जन्मतात, बीळ लागतंच कशाला. नवीन जाळी लावणाऱ्यांनो, चर खणू नका, खालची फूटभर जाळी बाहेरच्या बाजूला जमिनीवर दुमडा आणि दगड ठेवा, बास. आणि जाळी जाड गेजचीच घ्या, मी आधी एका दुकानातून स्वस्तातली घेतली होती ती एका पावसाळ्यात गंजली.

गेटखाली शहाबादी फरशी बसवणार होतो, पण हे लिहितानाच सुचलं की ट्रॉली आत जाताना फरशी फुटणार. त्यापेक्षा भंगारातून जुन्या कन्व्हेयर बेल्टचा तुकडा आणून गेटच्या पट्टीला नटबोल्टने लटकवतो, जमिनीला घासेल असा. तोपर्यंत विटा लावल्यात.

फासे लावा म्हणणाऱ्यांना हात जोडून विनंती, 1972 च्या वन्यजीव कायद्यात तो गुन्हा आहे. फोरेटच्या (दाणेदार कीटकनाशकाच्या) पुरचुंड्या तर अजिबात नको, 2020 संपल्यापासून बंदी आहे आणि विषच आहे ते. कुत्रा बांधायचाही विचार केला होता पण आपल्याकडे बिबट्या फिरतो, रात्री मुक्या जिवाला तिथे बांधून ठेवायला मन होत नाही.

बाकी सीताफळाच्या एकाही रोपाला तोंड लावलेलं नाही, म्हणून गेटजवळच्या ओळीत शेवग्याऐवजी आता सीताफळच लावतोय. हरभऱ्याला घाटे धरलेत. विटा लावून चार रात्री झाल्या, कॅमेऱ्यात ससा रोज गेटपर्यंत येतो, विटा हुंगतो आणि परत जातो.