सॅक पॅनिक: सोळा बिटांत न मावलेला आकडा

लिनक्सचा अख्खा सर्व्हर आडवा करायला पासवर्ड लागत नाही, एक उघडा पोर्ट पुरतो, हे जून २०१९ मध्ये सॅक पॅनिक या त्रुटीमुळे कळलं. नेटफ्लिक्सच्या जोनाथन लूनी यांनी शोधलेली ही चूक (सुरक्षा-त्रुटींच्या यादीतला तिचा क्रमांक सीव्हीई-२०१९-११४७७) कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, आवृत्ती २.६.२९ पासून तशीच पडून होती.

मला यातला हिशोबच जास्त आवडतो. पाठवायचा डेटा कर्नल सॉकेट बफर या तात्पुरत्या साठ्यात ठेवतो. एका बफरला १७ तुकडे, एक्स८६ वर प्रत्येकी ३२ केबी, म्हणजे ५,५७,०५६ बाइट. समोरच्याने जोडणी करताना एमएसएस (एका पॅकेटमधल्या डेटाची कमाल मर्यादा) ४८ सांगितला, तर टीसीपीचे, म्हणजे डेटा पोचवणाऱ्या प्रोटोकॉलचे, ऑप्शन त्यातले ४० बाइट खाऊ शकतात आणि डेटाला उरतात ८. भागाकार करा: ६९,६३२ सेगमेंट (एकेका पॅकेटमधून जाणारे तुकडे). मोजणीचा रकाना मात्र १६ बिटांचा, ६५,५३५ पर्यंतच जाणारा.

एरवी एक बफर इतका भरत नाही. पण 'मधला एवढा भाग पोचला' अशी सॅक (निवडक भागाची पोच) आली, की कर्नल शेजारचे बफर एकमेकांत ओततो. बेरीज रकान्याबाहेर जाते, आकडा उलटतो, बग-ऑन ही कर्नलची स्वतःची तपासणी चिडते आणि मशीन थांबतं. हल्लेखोर इथे डेटाचा मारा करत नाही, उलट डेटा मागतो. त्यामुळे येणारी रहदारी मोजणारं संरक्षण गाफील राहतं.

खरा उपाय दुरुस्त कर्नल: ४.४.१८२, ४.९.१८२, ४.१४.१२७, ४.१९.५२, ५.१.११ किंवा पुढचा. डिस्ट्रो (लिनक्सची तयार वितरणं) जुन्याच क्रमांकात पॅच घालतात, म्हणून नुसता आकडा पाहून घाबरू नका. पॅकेजच्या चेंजलॉगमध्ये (बदलांच्या नोंदीत) हा सीव्हीई क्रमांक शोधा. पॅच टाकून रीबूट (किंवा लाइव्ह पॅच, म्हणजे रीबूटशिवायची दुरुस्ती) राहिला, तर जुनाच कर्नल चालू असतो. कंटेनरची इमेज बदलून काहीच होत नाही, कर्नल होस्टचा, म्हणजे खालच्या मूळ मशीनचा असतो.

तोवर सिसकंट्रोलमधून (कर्नलच्या सेटिंगमधून) टीसीपी सॅक शून्य, म्हणजे बंद करता येतं, पण पॅकेट गळणाऱ्या लांबच्या जोडण्या रखडतात. दुसरा मार्ग, आयपीटेबल्स या लिनक्सच्या फायरवॉलने ५०० किंवा कमी एमएसएसचे सिन (जोडणी सुरू करणारे) पॅकेट टाकून देणं. यात दोन गोष्टी हमखास राहून जातात. आयपीव्ही६ साठी वेगळा नियम लागतो. आणि एमटीयू प्रोबिंग (वाटेत केवढं पॅकेट मावतं ते कर्नलने चाचपणं) बंद हवं. ते चालू असेल तर उत्तर न देणाऱ्या हल्लेखोरापुढे कर्नल स्वतःच एमएसएस उतरवत नेतो.