जिभेचे आधीचे शिक्षण

मोठ्या माणसांना इंग्रजी उच्चार शिकवायचे असतील, तर पहिल्या दिवशी त्यांना इंग्रजी बोलायला लावू नये, असे माझे मत झाले आहे. दादरला एका ग्रंथालयाच्या वरच्या मजल्यावर संध्याकाळी आमचा वर्ग भरतो. तेथे रुग्णालयांत नोकरी करणाऱ्या परिचारिका येतात, रानडे रोडवरच्या दुकानांतील विक्रेते येतात, मुले मार्गी लागल्यावर आता स्वतःसाठी काही शिकावे असे वाटलेल्या गृहिणी येतात आणि पदवी असूनही मुलाखतीत तोंड न उघडलेले तरुण येतात. आपली जीभ जड आहे आणि इंग्रजीसाठी ती बनलेलीच नाही, अशी या सगळ्यांची पक्की समजूत असते. म्हणून मी फळ्यावर ‘जात’ एवढाच शब्द लिहिते आणि तो दोन वाक्यांत म्हणायला सांगते: एकदा ‘तो घरी जात आहे’ आणि एकदा ‘जातीचा दाखला’. लिपीत अक्षर एकच असते, तोंडात ज मात्र दोन निघतात आणि चूक कोणाचीही होत नाही. त्यापाठोपाठ ‘माझा’ आणि ‘माझी’ म्हणून होतात. मग ‘करतो’, ‘बसलो’, ‘समजले’ हे शब्द येतात. क, र, तो अशी तीन सुटी अक्षरे कोणीच म्हणत नाही. र मधला अ प्रत्येक जण न चुकता गिळतो. मराठी जशी लिहितो तशीच वाचतो हे शाळेत ऐकलेले वाक्य त्या संध्याकाळी जरा डळमळीत होते आणि वर्गाला प्रथमच कळते की लिहिलेले एक व बोललेले दुसरे, हा व्यवहार आपण जन्मभर करत आलो आहोत.

हे सांगावे लागते, याचे कारण मुंबईने इंग्रजी डोळ्यांनी शिकून घेतली. बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ ६ जानेवारी १८३२ रोजी याच शहरात निघाले, तेव्हा त्यात मराठी आणि इंग्रजी मजकूर शेजारशेजारच्या स्तंभांत छापलेला असे. अर्ज, हिशेब, कायदा आणि परीक्षा यांसाठी इंग्रजी लागत होती, ती कागदावर पुरत होती आणि कानाचा प्रश्न फारसा येत नव्हता. मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी २००० साली आली. त्याआधीच्या ज्या पिढ्यांची ओळख पाचवीत झाली, त्यांनी ‘डब्ल्यू ए एस वॉज’ असे पाठ करून शब्द मिळवले. अक्षरांवर एवढा विश्वास टाकलेल्या माणसाला ‘डाउट’ शब्दात लिहायला बी आहे आणि म्हणायला नाही, हे फसवणुकीसारखे वाटते. त्यात त्याचा दोष नाही. तो बी मध्ययुगातल्या इंग्रजीत नव्हताच, लॅटिन मुळाचा अभिमान असणाऱ्या विद्वानांनी तो नंतर खोचला. विल्यम कॅक्स्टनने १४७६ मध्ये वेस्टमिन्स्टरला छापखाना घातल्यानंतर स्पेलिंगे हळूहळू गोठत गेली आणि त्याच शतकांत इंग्रजीचे दीर्घ स्वर मात्र जागा बदलत राहिले, त्यामुळे आज आपण जे पाठ करतो ते बऱ्याच अंशी मेलेल्या माणसांचे उच्चार असतात. हे ऐकून वर्गातल्या एका काकूंनी, ‘म्हणजे त्यांचीच चूक की!’ असा जो सुस्कारा सोडला, तो मला व्याकरणाच्या अनेक पुस्तकांहून उपयोगी वाटला.

आपली वर्णमाला याबाबतीत अधिक प्रामाणिक आहे. ए, बी, सी, डी हा क्रम तोंडाविषयी काहीच सांगत नाही. क, च, ट, त, प हा क्रम मात्र कंठापासून ओठांपर्यंत सरळ चालत येतो. त्यामुळे मी वेगळे तक्ते वापरत नाही. इंग्रजीचा टी कोठे आहे असे विचारले, की पुढच्या बाकावरचे उत्तर येते, ‘ट’. मग जीभ ट वर ठेवून ती हळूहळू त कडे आणायला सांगते. दोहोंच्या मध्ये, वरच्या दातांमागच्या हिरडीच्या उंचवट्यावर, इंग्रजीचा टी राहतो. आपण त्याला आपल्या मूर्धन्य घरात, म्हणजे ट, ठ, ड यांच्या जागी, ठेवून घेतले आहे आणि खरे तर तेथेही तो सुखाने नांदतो. ट म्हटल्याने कोणाचा गैरसमज झाल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

गैरसमज होतो तो श्वासामुळे. इंग्रज माणूस शब्दाच्या आरंभी पी, टी, के म्हणतो तेव्हा त्यामागून हवेचा एक झोत बाहेर पडतो. आपण मात्र प, ट, क कोरडे म्हणतो, कारण झोत असला की आपल्याकडे अक्षरच बदलते. परिणामी आपले ‘पॅक’ परक्या कानाला ‘बॅक’ वाटू शकते. गंमत अशी की ज्या झोतासाठी मराठीने ख, ठ, थ अशी स्वतंत्र अक्षरे राखून ठेवली आहेत, त्याच झोतासाठी मराठी माणूस शिकवणीला येतो. मी प्रत्येकाला बेस्टच्या तिकिटाची पट्टी ओठांसमोर धरायला लावते. ‘कार’ म्हटले की पट्टी स्तब्ध राहते, ‘खार’ म्हटले की ती उडते, आणि मग मी सांगते की लंडनचा माणूस मोटारीला जे म्हणतो ते आपल्या खार स्टेशनच्या बरेच जवळ आहे. हशा पिकतो, पण त्यानंतर ‘कॉफी’, ‘टाइम’, ‘पेशंट’ हे शब्द पट्टी उडवूनच बाहेर पडतात. स नंतर आलेल्या पी, टी, के मध्ये हा झोत नसतो, म्हणून ‘स्पून’ आणि ‘स्टेशन’ आपले आधीपासूनच बरोबर असतात. फ ची गोष्ट सांगताना मात्र सावध राहावे लागते, कारण मुंबईत फणस आणि फूल हे शब्दही आता बहुतेक जण खालचा ओठ दातांना लावूनच म्हणतात. ओठ मिटून म्हटलेला जुना फ ऐकायचा असेल, तर घरातल्या आजीला गाठावे लागते.

व्ही आणि डब्ल्यू यांच्यावर क्लासवाले जेवढा घाम गाळतात तेवढा मी गाळत नाही. ऊ म्हणून ओठ गोल करावेत आणि तसेच पुढे सरकावे, म्हणजे डब्ल्यू होतो. खालचा ओठ वरच्या दातांवर टेकवून हवा घासू द्यावी, म्हणजे व्ही होतो. एका संध्याकाळीत विषय संपतो. अंधेरी वेस्टला निघालेला माणूस बनियनच्या दुकानात पोहोचला, असे अजून तरी घडलेले नाही. ‘इज’ आणि ‘वॉज’ यांच्या शेवटच्या ध्वनीसाठी ‘जरा’ मधला ज घ्यावा, तो म्हणताना जीभ टाळूच्या पुढच्या भागाला जी पुसट टेकते ती टेकू देऊ नये आणि गळ्यावर बोट ठेवून कंप जाणवतो का ते पाहावे, एवढे पुरते. ‘बॅट’ आणि ‘बेट’, ‘हॉल’ आणि ‘होल’ यांची व्यवस्था मराठीने अर्धचंद्र काढून केव्हाच लावलेली आहे. (संगणकाला मात्र उशीर झाला, ॲ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले.) ‘शिप’ आणि ‘शीप’ यांच्या बाबतीत मराठी मदतीला येत नाही, कारण आपले ऱ्हस्व-दीर्घ आता मुख्यतः कागदावर उरले आहेत, आणि तेथे सराव करण्यावाचून गत्यंतर नाही.

पण खरे शिकवायचे असते ते पुढेच. सगळे ध्वनी घासूनपुसून लख्ख केले, तरी वाक्य समोरच्याला कळत नाही असे होते, आणि तेव्हा दोष बहुधा आघाताचा, म्हणजे जोर कोठे द्यायचा याचा, असतो. मराठी वाक्य ही स्लो लोकल आहे, ती प्रत्येक अक्षरावर थांबते. इंग्रजी वाक्य फास्ट आहे, ते कुर्ल्याला थांबते, घाटकोपरला थांबते आणि मधले विद्याविहार उडवून देते. ‘आय वेंट टु द मार्केट टु बाय सम फिश’ या वाक्यात वेंट, मार्, बाय आणि फिश एवढीच थांबणारी स्टेशने आहेत. बाकीच्या शब्दांतले स्वर आक्रसून जवळजवळ आपला अ उरतो. हा अ बोललेल्या इंग्रजीत सर्वांत अधिक वेळा येणारा स्वर आहे आणि इंग्रजीच्या पाच स्वराक्षरांपैकी एकही खास त्याच्यासाठी राखलेले नाही. आपल्याकडे मुळाक्षरांचा मान पहिल्याच पानावर त्याला मिळतो. एका विद्यार्थ्याने विचारले, ‘मॅडम, एवढे शब्द खाल्ले तर समोरच्याला कळणार कसे?’ तो इतकी वर्षे प्रत्येक ‘टु’ आणि प्रत्येक ‘द’ चोख वाजवत आला होता आणि ऐकणारा मात्र महत्त्वाचा शब्द कोणता ते शोधत बसत होता.

शब्दाच्या आतही हेच चालते. ‘फोटोग्राफ’ मध्ये जोर आरंभी, ‘फोटोग्राफर’ मध्ये दुसऱ्या अवयवावर, म्हणजे शब्दाच्या एका झटक्यात म्हटल्या जाणाऱ्या दुसऱ्या तुकड्यावर, आणि ‘फोटोग्राफिक’ मध्ये तिसऱ्यावर, असा तो फिरत राहतो. आपल्या हॉटेल, कमिटी, डेव्हलप या शब्दांनी मराठीत येताना जोर दारातच काढून ठेवला, आणि मराठी बोलताना ते योग्यच आहे. पण परिचारिकेला परदेशी डॉक्टरशी बोलायचे असेल, तर थर्मामीटर सोडून जोर ‘मॉ’ वर असलेले ‘थर्मॉमिटर’ तिला जिभेवर बसवावे लागते. ती बाकावर हाताने ठेका धरून ते बसवते, आणि माझ्या मते कोणत्याही आरशापेक्षा व तक्त्यापेक्षा हा ठेका अधिक कामाचा आहे.

मालाडच्या कॉल सेंटरांत काम करून आलेली मुले वर्गात एक संज्ञा घेऊन येतात. ‘माझा एमटीआय जास्त आहे’ असे ती सांगतात, म्हणजे मातृभाषेचा प्रभाव. आणि सांगतात तेही रक्तातली साखर सांगावी अशा आवाजात. रात्रपाळीत अमेरिकी गिऱ्हाइकासाठी जो सराव त्यांच्याकडून करून घेतला गेला, त्यातून काहींना सफाई लाभली हे मान्य. पण ‘वॉटर’ मधला टी मऊ केल्याने बोलणे अधिक स्पष्ट होते असे मला वाटत नाही. डॅनियल जोन्स यांनी १९१७ साली आपला प्रसिद्ध उच्चारकोश काढला, तेव्हा त्यांनी दक्षिण इंग्लंडमधल्या, निवासी पब्लिक स्कुलांत शिकलेल्या माणसांच्या घरात चालणारे बोलणे नोंदवले होते. दादरच्या माणसाने त्या घरात राहायला जाण्याचे कारण नाही. त्याला इंग्रजी बोलायची असते ती चेन्नईच्या व्यवस्थापकाशी, कोलकात्याच्या पुरवठादाराशी आणि कधीमधी दुबईच्या कार्यालयाशी. म्हणून ‘कार्ड’ मधला र मी कोणाचाही काढून घेत नाही. इंग्लंडातले बरेच लोक तो गाळतात, अमेरिकेतले बहुतेक लोक ठेवतात, तर आपण तो गाळायला का शिकावे? ‘थँक्यू’ चा थ सुद्धा मी तसाच राहू देते.

परीक्षा मात्र मी घेते, आणि ती फोनवर घेते, कारण समोरासमोर असताना हातवारे आणि चेहरा निम्मे काम करून टाकतात. एक जण जिन्यात उभा राहून पत्ता, फ्लॅट क्रमांक आणि रक्कम सांगतो, दुसरा वर्गात बसून ते लिहून घेतो. ‘थर्टीन’ आणि ‘थर्टी’, ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ यांत बहुतेकांची गाडी अडते, कारण आपण दोन्हींना सारखाच जोर देतो आणि शेवटचा न फोनमध्ये विरून जातो. सुटे म्हणताना पहिल्यात जोर शेवटी येतो व ‘टी’ लांबतो, दुसऱ्यात तो आरंभी येतो व शेवट आखूड राहतो. रानडे रोडवरच्या साडीच्या दुकानात काम करणाऱ्या मुलाने हा फरक कोणाहीपेक्षा लवकर पकडला. पंधराशेची साडी गिऱ्हाइकाने पाच हजारांची समजली तर ते दुकानातून निघून जाते, हे त्याला मी सांगावे लागले नाही.