बर्डीतल्या चार खाटा

नागपूरला मी यापूर्वी अनेकदा गेले होते, परंतु प्रत्येक वेळी लग्नकार्य किंवा कचेरीचे काम उरकून परतले होते. या खेपेस मात्र एकाच वास्तूसाठी गेले. माझ्या आईचा जन्म सीताबर्डीच्या मातृसेवा संघाच्या प्रसूतिगृहातला. आजी आर्वीहून तेथे बाळंतपणाला आली होती, आणि ‘बर्डीच्या दवाखान्या’चे नाव ती पुढे जन्मभर माहेरासारखे घेत असे.

रेल्वे स्थानकापासून मेट्रोने कॉटन मार्केट ओलांडले की लगेच सीताबर्डी येते. खाली बाजाराची नेहमीची गर्दी होती. तिच्यातून वाट काढत दवाखान्यापर्यंत पोहोचले, तेव्हा बाहेर नातेवाईक पिशव्या आणि डबे सांभाळत ताटकळत उभे होते. त्यांच्या शेजारी मीही बराच वेळ उभी राहिले.

हा दवाखाना सुरू करणाऱ्या कमलाताई होस्पेट यांचा जन्म १८९६चा. माहेरचे नाव यमुना मोहोनी. बाराव्या वर्षी लग्न झाले आणि पंधराव्या वर्षी वैधव्य आले. त्या काळच्या ब्राह्मण घरात अशा मुलीचे पुढचे आयुष्य स्वयंपाकघर आणि देवघर यांच्यामध्येच संपायचे. त्यांनी नागपूरच्या डफरिन रुग्णालयात जाऊन परिचर्येचे आणि प्रसूतीचे शिक्षण घेतले. आज हे वाक्य सहज लिहिता येते. परंतु रक्त, लाळ, बाळामागून पडणारी वार यांना हात लावणे हे काम तेव्हा हलके मानले जाई, आणि उच्चवर्णीय विधवेने ते पत्करणे म्हणजे घराण्याला बट्टा.

बाळंतिणीला सोयर असे, म्हणून तिला घरातली सर्वांत अंधारी, कोंदट खोली मिळे. सुईण हाताशी असेल त्या विळ्याने नाळ कापी आणि कधी त्यावर राख लावी. माती, शेण आणि गंजके लोखंड यांवर धनुर्वाताचे जंतू असतात. त्यामुळे धडधाकट जन्मलेले मूल आठवड्याच्या आत दूध ओढेनासे होई, ताठ होई आणि जाई. सटवाई सहाव्या रात्री कपाळी लेख लिहिते, या समजुतीच्या आसपासचेच हे दिवस, हे ध्यानात आले की अंगावर काटा येतो. आईच्या बाबतीत, वार सुटलेल्या जागेतून अस्वच्छ हातांचा संसर्ग शरीरात शिरे आणि तापाने ती दगावे. त्यात सुईणीचा दोष मी धरत नाही; तिला कोणी शिकवलेच नव्हते. उकळलेले पाणी, साबणाने धुतलेले हात, निर्जंतुक कात्री आणि वेळीच केलेली तपासणी यांनी टळतील असे हे मृत्यू होते, आणि त्यासाठी गरज होती शिकलेल्या, विश्वासाच्या बाईची.

१९२१ साली कमलाताईंनी वेणूताई नेने यांच्या साथीने मातृसेवा संघ उभा केला, तो अवघ्या चार खाटांच्या प्रसूतिगृहाने. पुढे नागपूरबाहेरही शाखा निघाल्या, परिचारिकांचे प्रशिक्षण सुरू झाले, १९५८ मध्ये समाजकार्य शिकवणारी संस्था निघाली, आणि १९६१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. बजाजनगरातली ती समाजकार्य संस्था मी दुपारी बाहेरूनच पाहिली. माझे मन बर्डीतच अडकले होते.

विधवेला डोहाळजेवणात, ओटीभरणात, बारशात पुढे येऊ देत नसत. मंगल प्रसंगी जिची सावलीही टाळायची, तीच बाई इथे जीवाच्या पहिल्या श्वासाला हजर राहू लागली, आणि लोक आपल्या लेकीसुनांना विश्वासाने तिच्या स्वाधीन करू लागले. कमलाताईंच्या कामातले हे मला सर्वांत मोठे वाटते. ते खाटांच्या किंवा शाखांच्या संख्येत मोजता येत नाही.

माझी पणजी विधवा होती. आजीच्या डोहाळजेवणाला तिला माजघरातून बाहेर येऊ दिले नव्हते. बर्डीच्या दवाखान्यात मात्र नर्सबाईंनी आईला जन्मतःच दुपट्यात गुंडाळून पहिल्यांदा पणजीच्या हातात दिले. हे आजी अनेकदा सांगत असे, आणि सांगताना दरवेळी थांबत असे. संध्याकाळी वर्ध्याच्या गाडीत बसल्यावर मी आईला फोन करून तोच प्रसंग पुन्हा एकदा सांगायला लावला.