गारपिटीची सुट्टी

काल सायंकाळी वरूडकडच्या आमच्या पट्ट्यात गारपीट झाली. शाळेच्या पत्र्यांना भोकं पडली, वर्गात पाणी साचलं, म्हणून आज शाळा भरली नाही.

काश्मीरमध्ये बर्फ पडणार हे ठाऊक असतं, त्यामुळे शाळांची लांब हिवाळी सुट्टी आधीच ठरते. आपल्याकडेही उन्हाचा विचार होतो. विदर्भातल्या शाळा जूनमध्ये बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात. गारांसाठी मात्र काहीच ठरलेलं नसतं. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चची गारपीट इथं कोणी विसरलं नाही. हरभरा घाट्यावर, गहू ओंबीवर, मृग बहाराची संत्री झाडावर, नेमक्या त्याच वेळी येतात ह्या गारा.

शाळा बंद म्हणजे पोरांची दुपारची खिचडीही बंद. आईबाप तर पहाटेच वावरात गेलेले. पोषण आहार शिजवणाऱ्या मावशींनी कोणाची वाट पाहिली नाही. "पोरं इथंच जेवतीन," म्हणाल्या आणि समाजमंदिरात चूल मांडली. तांदूळ, डाळ घराघरांतून आली. ज्यांची बाग पार झोडपली गेली, त्या घरातूनही आली. हे पाहून खरंच गहिवरून आलं. जेवण झाल्यावर मोठ्या मुलींनी लहानग्यांचे पाढे घेतले.

उद्या पंचनाम्याला तलाठी आणि कृषी सहायक येणार आहेत. मदतीसाठी नुकसान किमान ३३ टक्के लागतं, तेव्हा फोटो काढल्याशिवाय वावर आवरू नका. आणि कोणाकडे जादा ताडपत्री असेल, तर सकाळी शाळेवर आणून द्या, भाऊ.