तुम्ही विचारलंत म्हणून: सगळं वेळच्या वेळी मिळूनही घोडा आजारी का पडतो?

‘दोन वेळची चंदी (दाण्याचा खुराक) घड्याळाच्या काट्यावर, तबेला लख्ख, थंडीत झूल, दर दोन महिन्यांनी जंताचं औषध. तरी पोट सारखं बिघडतं आणि खोकला जात नाही. कुठे चुकतंय?’ हा प्रश्न मला वेगवेगळ्या शब्दांत सतत येतो. विचारणाऱ्यांनी कुठे हयगय केलेली नसते, म्हणून उत्तर देणं जड जातं. ही सगळी व्यवस्था माणसाच्या दिनक्रमाला धरून बसवलेली आहे, आणि घोड्याचं शरीर त्या दिनक्रमावर चालत नाही.

सगळ्यात जास्त नुकसान पोटात होतं. मोकळा घोडा दिवसाचे १४ ते १६ तास चरतो, थोडंथोडं पण जवळजवळ अखंड. त्याचं जठर शरीराच्या मानाने लहान असतं आणि त्यात आम्ल चोवीस तास पाझरतं, पुढ्यात वैरण असो वा नसो. हे आम्ल सौम्य करते ती लाळ, आणि घोड्याला लाळ सुटते ती फक्त चावताना. किलोभर वाळलेलं गवत संपवायला त्याला साधारण ४० मिनिटं लागतात आणि तीन हजारांहून अधिक वेळा चावावं लागतं. किलोभर ओट मात्र दहाएक मिनिटांत फस्त होतात. म्हणजे वैरण कमी करून चंदी वाढवली की पोट भरल्यासारखं दिसतं, पण लाळ तेवढी सुटतच नाही.

आता रात्रीचा हिशेब मांडा. संध्याकाळी सहाला टाकलेली वैरण नऊला संपली आणि पुढची सकाळी सहाला आली, तर नऊ तास जठर रिकामं राहिलं. जठराच्या वरच्या भागाला श्लेष्माचं संरक्षण नसतं, व्रण आधी तिथेच होतात. त्यातच सकाळी रिकाम्या पोटी घोडा दौडवला की आतलं आम्ल हिंदकळून थेट त्या भागावर जातं. ‘रिकाम्या पोटी काम बरं’ ही समजूत चंदीपुरती ठीक आहे, वैरणीला लावू नका. कामाला काढण्याआधी अर्धा तास किलोभर वैरण द्या. चंदी खाता खाता मध्येच सोडून देणं, खोगीर कसताना कान मागे टाकणं, पोटाला खरारा लावू न देणं, ही व्रणाची लक्षणं ‘स्वभाव’ म्हणून सोडून देऊ नका.

वैरण किती? शरीराच्या वजनाच्या दीड टक्का कोरडा चारा ही किमान मर्यादा, दोन टक्के चांगलं. ५०० किलोच्या घोड्याला वाळलेलं गवत धरलं तर रोज साधारण १० किलो. हे तराजूवर तोला, पेंढ्यांचा अंदाज हमखास फसतो. निम्मी वैरण रात्रीसाठी ठेवा आणि ती लहान भोकांच्या जाळीतून द्या, म्हणजे पुरते. नाल मारलेल्या घोड्याजवळ जाळी बांधताना ती रिकामी होऊन लोंबली तरी खूर अडकणार नाही हे आधी बघून घ्या. नाहीतर खाली ठेवायची जाळीची पेटी वापरा.

चंदीत मोजायचं ते पिष्ट (स्टार्च). एका वेळेला वजनाच्या दर किलोमागे एक ग्रॅमच्या आत. ५०० किलोच्या घोड्याला म्हणजे एका खेपेला सव्वा किलोच्या आसपास ओट, किंवा मका असेल तर पाऊण किलोच. एका मापाने दोन्ही देणारे इथेच फसतात. लहान आतड्याला न पचलेलं पिष्ट मोठ्या आतड्यात जातं, तिथे झपाट्याने आंबतं, तंतू पचवणारे जिवाणू मरतात. पोटशूळ आणि खुराच्या आतला दाह दोन्हींची वाट इथूनच जाते. खुराच्या दाहाचं दुसरं कारण लठ्ठपणा, कारण त्यात रक्तातलं इन्सुलिन वाढतं. २००७ साली निरोगी तट्टूंच्या रक्तात इन्सुलिनची पातळी मुद्दाम वाढवली, तेव्हा खुरांना दाह झाला. म्हणून मानेवर आयाळीखाली चरबीचा कडक वरवंटा जमलेला घोडा बघून ‘काय तब्येत आहे’ असं कुणी म्हटलं की मला काळजी वाटते. बरगड्या दिसू नयेत, पण हलका हात फिरवला की लागायला हव्यात.

पाय दुखावला म्हणून घोडा अचानक ठाणबंद झाला की मोठ्या आतड्यात मळ अडकण्याचा धोका वाढतो. फिरणं थांबलं की आतड्याची हालचाल मंदावते, घोडा पाणी कमी पितो, आणि चंदी मात्र जुन्याच मापाने येत राहते. त्याच दिवशी चंदी कमी करा, वैरण भिजवून द्या, लीद रोज हातात घेऊन बघा: घट्ट, लहान, वर चिकट पापुद्रा असलेल्या गोळ्या दिसल्या तर पशुवैद्याला लगेच कळवा. पाणी बादलीने द्या. आपोआप भरणारं भांडं सोयीचं असतं, पण घोडा २५ लिटर प्याला की १० हे त्यातून कळत नाही. वैरणीत किंवा चंदीत कुठलाही बदल १० ते १४ दिवसांत हळूहळू करायचा.

खोकल्याचं मूळ बहुतेकदा गवतातल्या धुळीत आणि बुरशीत असतं. ‘कामाला लागल्यावर एकदोनदा खोकतो, मग ठीक असतो’ हे नेहमीचं वाक्य आहे आणि ते श्वासनलिकेच्या दाहाचं वर्णन आहे. वैरण १० ते ३० मिनिटं बुडवून, निथळून, ओली असतानाच खाऊ घाला. उरलेली दुसऱ्या दिवसाला ठेवू नका, आंबते. झाडलोट घोडा बाहेर असताना करा आणि धूळ बसल्यावरच त्याला आत घ्या. गवताचा साठा तबेल्याच्या माळ्यावर नको. पहाटे दार उघडल्याबरोबर जमिनीजवळ वाका: डोळे चुरचुरले तर तो मुताचा अमोनिया आहे, आणि घोडा झोपतो त्याच उंचीवर. डोकं वर बांधून ठेवणंही वाईट. घोड्याच्या श्वासनलिकेतला कफ मान खाली गेली की निचरतो. लांबच्या प्रवासात तासन्‌तास आखूड बांधलेल्या घोड्यांना फुप्फुसाचा संसर्ग होतो तो यामुळेच.

एकटं कोंडणं हाही आजारच. दाराची कड दातात धरून हवा गिळणाऱ्या घोड्याला गळपट्टा बांधला तर कृती थांबते, गरज तशीच राहते. आधी वैरण, सोबत आणि मोकळं फिरणं वाढवा. झोपेकडे तर कुणाचं लक्षच नसतं. गाढ झोपेसाठी घोड्याला आडवं व्हावंच लागतं. जागा अरुंद असेल, अंथरूण ओलं असेल किंवा शेजारी ओळखीचा घोडा नसेल, तर तो उभ्याउभ्या पेंगतो आणि गुडघ्यांवर कोसळतो. पुढच्या पायांच्या सांध्यांवर समोरून सारख्या खरचटलेल्या खुणा दिसल्या तर ही शंका घ्या.

झुलीबद्दल थोडक्यात: कोरड्या, निरोगी, केस न कापलेल्या घोड्याला ५ अंशांपर्यंतची थंडी सहज सोसते.

जंताचं औषध ठरावीक अंतराने देण्याची पद्धत १९६०च्या दशकात मोठ्या, रक्तवाहिन्यांत शिरणाऱ्या जंताला आवरण्यासाठी आली आणि तेव्हा उपयोगीही पडली. पण पिढ्यान्‌पिढ्या सगळ्याच घोड्यांना औषध देत गेल्याने लहान गोलकृमी काही औषधांना आता दाद देत नाहीत. कळपातली बहुतेक अंडी थोड्याच घोड्यांच्या लिदीतून पडतात. म्हणून आधी ताज्या लिदीतली अंडी मोजून घ्या. प्रौढ घोड्यात ग्रॅमला २००च्या खाली असतील तर सहसा औषध लागत नाही. शिंगरांचे नियम वेगळे, ते पशुवैद्याकडूनच ठरवून घ्या. कुरणातली लीद आठवड्यातून दोनदा उचला. औषध दिलंच तर १४ दिवसांनी पुन्हा मोजणी करा. अंडी जवळजवळ नाहीशी झाली नसतील तर ते औषध तुमच्या तबेल्यात निकामी झालंय, डोस वाढवून काही होणार नाही.