विझेऊचं ग्रांव वास्को संग्रहालय: आधी शेजारच्या कॅथेड्रलमध्ये जा

पोर्तुगालमधल्या विझेऊ शहरात आद्रु दा से या चौकात उभं राहिलं की एका बाजूला कॅथेड्रल, त्याला खेटून ग्रॅनाइटची करडी, भक्कम इमारत, आणि समोर मिझेरिकॉर्दियाचं पांढरंशुभ्र चर्च. करडी इमारत म्हणजे ग्रांव वास्को संग्रहालय. पाय आपोआप तिकडे वळतात. वळू देऊ नका. आधी कॅथेड्रलमध्ये पंधरा मिनिटं काढा, कारण संग्रहालयातली सगळ्यात मोलाची चित्रं त्याच भिंतींसाठी रंगवलेली आहेत.

आत शिरल्यावर मान वर करा. छताच्या दगडी कमानींना दोराला मारतात तशा गाठी मारलेल्या दिसतील. हे काम 1513 मध्ये पुरं झालं. मग मुख्य वेदीकडे बघा. तिथे आज सोन्याचा वर्ख दिलेलं बरोक, म्हणजे नक्षीने भरगच्च शैलीचं, लाकूडकाम आहे. 1501 ते 1506 या काळात याच वेदीसाठी येशू आणि मेरीच्या आयुष्यातले प्रसंग दाखवणाऱ्या चित्रफळ्यांची, म्हणजे लाकडी फळ्यांवर रंगवलेल्या चित्रांची, मोठी मांडणी तयार झाली होती. अठराव्या शतकात आवड बदलली, सोनेरी कोरीवकाम आलं आणि फळ्या उतरल्या. वरच्या रांगेतलं चित्र खालून किती दिसत असेल, याचा अंदाज इथेच घ्या. संग्रहालयात तीच चित्रं डोळ्यांच्या उंचीवर येतात आणि इतकं बारीक काम कोणासाठी केलं असेल, असा प्रश्न पडतो.

इमारतीबद्दल थोडक्यात. सोळाव्या शतकाच्या शेवटी धर्मगुरूंच्या शिक्षणासाठी बांधायला घेतलेला हा वाडा. संग्रहालय 1916 मध्ये फ्रान्सिश्कु द आल्मेइदा मोरेइरा यांनी सुरू केलं. नंतर वास्तुविशारद एदुआर्दु सोतु द मोरा यांनी आतली मांडणी नव्याने केली आणि 2004 मध्ये ते पुन्हा उघडलं. भिंती गप्प आहेत, चित्रांना बोलू देतात.

वेदीच्या मूळ मांडणीतल्या 14 फळ्या इथे आहेत. ज्याच्यावरून संग्रहालयाला नाव मिळालं त्या एकट्या चित्रकार वास्को फर्नांदेशचं हे काम नव्हे. फ्लँडर्सहून, म्हणजे आजच्या बेल्जियमच्या भागातून, आलेला फ्रान्सिश्कु हेन्रिकेश आणि त्याच्याबरोबरचे चित्रकार यांचा त्यात मोठा हात होता. ‘ग्रांव वास्को’, म्हणजे थोर वास्को, हे नाव पुढच्या पिढ्यांनी दिलं, आणि मग कित्येक वर्षं पोर्तुगालमधलं सोळाव्या शतकातलं जुनं दिसणारं कुठलंही चित्र त्याच्या खात्यावर जमा होत राहिलं.

सगळ्या फळ्यांना सारखा वेळ देऊ नका. तीन राजे बाळ येशूला नजराणे देतात त्या फळीपुढे थांबा. युरोपातल्या चित्रांत यांपैकी बाल्थाझार हा राजा बहुधा आफ्रिकन दाखवतात. इथे, बरोबर मधोमध, ब्राझीलच्या तुपिनांबा या आदिवासी जमातीतला माणूस उभा आहे. डोक्यावर पिसांचा मुकुट, गळ्याभोवती पिसं, हातात लांब बाण आणि नारळाच्या करवंटीचा मढवलेला प्याला. अंगात मात्र युरोपी सदरा आणि तुमान. पोर्तुगीज जहाजं ब्राझीलच्या किनाऱ्याला लागली एप्रिल 1500 मध्ये, आणि सहा वर्षांच्या आत तिथला माणूस विझेऊच्या वेदीवर राजा होऊन उभा राहिला. युरोपच्या चित्रकलेतल्या ब्राझीलच्या माणसाच्या सर्वांत जुन्या प्रतिमांमध्ये ही धरतात. कपडे चढवले आहेत याकडेही लक्ष द्या: पिसं ठेवली, उघडं अंग झाकलं.

मग संत पीटर. हे वास्कोचं नंतरचं, 1530च्या आसपासचं काम, रुंदी-उंची दोन्ही दोन मीटरहून जास्त. पोपच्या जड वस्त्रांत बसलेला पीटर समोरून पाहतो आणि सगळी नजर त्या जरीकामात अडकते. जरा बाजूला सरका. सिंहासनाच्या दोन्ही अंगांना मागे छोटे देखावे आहेत: एकीकडे येशू कोळी पीटरला होडीतून बोलावतो, दुसरीकडे रोमबाहेर दोघांची गाठ पडते. पाच पावलांवरून हे दिसत नाही.

इथे समोरून पाहायचं आणि मग तिरकं, असं दोनदा पाहावं. वार्निशवर दिव्याची चकाकी पडते आणि गडद भाग बुडतो. कोनातून पाहिलं की रंग वर येतात, शिवाय लाकूडही दिसू लागतं. फळ्या जोडलेल्या असतात. हवेतल्या दमटपणाने लाकूड धाग्याला आडवं फुगतं-आक्रसतं, रंगाचा थर तसा हलत नाही, म्हणून भेगा धाग्याच्या दिशेने सरळ रेषेत पडतात. कॅनव्हासवरच्या भेगा जाळीसारख्या किंवा गोलाकार पसरतात. ही खूण कळली की लेबल न वाचताही ओळखता येतं.

लेबलं वाचायला चार-सहा शब्द पुरतात. ‘ओलेउ सोब्रे मादेइरा’ म्हणजे लाकडावर तैलरंग. ‘आत्रिबुईदु आ’ म्हणजे अभ्यासकांच्या मते त्याचं, पण सही नाही. ‘ओफिसीना द’ म्हणजे त्याच्या कार्यशाळेतलं. त्यात गुरूचा हात किती, हा प्रश्न मोकळाच ठेवलेला. ‘प्रोव्हेनिएन्सिया’ या शब्दापुढे वस्तू कुठून आली ते लिहितात, आणि या संग्रहालयात तीच ओळ आधी वाचावी. रिकाम्या जागी ‘एम रेश्ताउरु’ ही पाटी दिसली तर चित्र डागडुजीला गेलं आहे.

एकोणिसाव्या-विसाव्या शतकातल्या चित्रांची दालनंही आहेत. कोलुंबानु बोर्दालु पिन्येइरु यांची चित्रं चुकवू नका. बाकी चिनीमाती-फर्निचर वेळ उरला तर.

सोमवारी बंद. 1 जानेवारी, ईस्टरचा रविवार, 1 मे, 25 डिसेंबर या दिवशीही. मंगळवारच्या सकाळी आणि शहराच्या सुट्टीला, म्हणजे 21 सप्टेंबरला, जायचं तर आधी वेळ तपासा. कॅथेड्रलच्या खजिन्याचं तिकीट वेगळं. फ्लॅश आणि ट्रायपॉड चालत नाहीत. मोठी पिशवी दाराशी ठेवावी लागते. दोन तास लागतात.

विझेऊला आता रेल्वे नाही. शेवटचा रूळ 1990 मध्ये बंद झाला, म्हणून लिस्बन किंवा पोर्तुहून बसच बरी. जुनं गाव टेकडीवर आहे आणि पावसात दगडी फरसबंदी घसरडी होते, गुळगुळीत तळाचे बूट नकोत. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सांव मातेउशची जत्रा असते, तेव्हा खोली आधी धरून ठेवा.

हाताशी एक दिवस जास्त असेल तर लामेगु करा, उत्तरेला साधारण सत्तर किलोमीटर. विझेऊची वेदी संपताच वास्कोने 1506 ते 1511 मध्ये तिथल्या कॅथेड्रलसाठी 20 फळ्यांची वेदी केली. त्यातल्या पाच लामेगुच्या संग्रहालयात उरल्या आहेत. प्राण्यांच्या निर्मितीची फळी आधी गाठा, आणि गर्दीत शिंगवाला घोडा शोधा.